आईच्या ताटात काय आहे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनानिमित्त, आपल्या रेड रिबन क्लबतर्फे एका समुपदेशक बाईंचे व्याख्यान झाले. ते संपल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिमित्राने प्रश्न टाकला, "मॅडम, आईला एचआयव्ही आहे हे ठाऊक असूनही ती बाळाला अंगावर पाजते, म्हणजे जाणूनबुजून विष पाजण्यासारखेच नाही का?" सभागृहात कुजबुज झाली. बऱ्याच माना डोलल्या. खरे सांगायचे तर त्यांत माझीही मान होती. बाई उत्तर देऊ लागल्या, पण तेवढ्यात घंटा झाली आणि अर्धे सभागृह चहाला गेले. पुढे काही दिवस ग्रंथालयात बसून मी या विषयावर मिळेल ते वाचले, आणि माझे मत पार बदलले.

वास्तविक हा प्रश्न डॉक्टरांनाही लवकर सुटला नाही. आईच्या दुधातून हा विषाणू बाळाकडे जाऊ शकतो हे १९८५ साली प्रथम लक्षात आले. काहीच उपचार न केल्यास गर्भारपण, प्रसूती आणि दूध या तिन्ही वाटांनी मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. तेव्हा "अंगावर पाजू नका, डब्याचे दूध द्या" असा सल्ला निघणे स्वाभाविकच होते. नळाला स्वच्छ पाणी आणि घरात गॅस असलेल्या देशांत तो चाललाही. पण आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात सरकारने अशा मातांना डब्याचे दूध फुकट दिले आणि २००५-०६ च्या अतिवृष्टीनंतर तिथे जुलाबाची साथ आली, तेव्हा त्यात सर्वांत जास्त होरपळली ती बाटलीवरची बाळे. आपल्या पुण्यातही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही वरच्या दुधावरची बाळेच अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावी लागल्याचे दिसले. विषाणूपासून वाचवलेले मूल जुलाबाने जावे, याला काय म्हणावे!

त्याआधी, १९९९ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन येथील अभ्यासात एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. पहिले काही महिने निव्वळ आईचे दूध घेणाऱ्या बाळांपेक्षा, आईचे दूधही आणि वरचे काहीबाहीही घेणाऱ्या बाळांना लागण जास्त झाली होती. हे वाचताना मला आमचे घर आठवले. गेल्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. घरी आणल्या दिवशीच आजीने तिला मधाचे बोट चाटवले, आणि मग रोज सहाणेवर उगाळलेली गुटी. मी विरोध केला तर म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवतात का गं? तुझा बाप गुटीवरच वाढला." आता ज्या सुनेला हा आजार आहे आणि घरात तो कुणालाही सांगितलेला नाही, तिने सासूचा हात कसा धरावा? आणि उद्या तिने बाटली हाती घेतली, तर "अंगावर का पाजत नाहीस?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

सुदैवाने औषधांनी वाट मोकळी केली. आपल्या देशात ही औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली, आणि २०१४ पासून बाधित गर्भवतीला ती जन्मभरासाठी लगेच सुरू करतात. ती नियमित घेतल्यास लागण शंभरात पाचांच्याही खाली येते. बाळालाही जन्मल्यापासून काही आठवडे औषध देतात, सहा आठवड्यांनी त्याची तपासणी करतात, आणि शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यापर्यंत मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सल्ला असा, की पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, मग वरच्या अन्नाबरोबर निदान वर्षभर, आणि हवे तर दोन वर्षेही. म्हणजे आमच्या मित्राच्या मते जी विष पाजते, ती डॉक्टरांनी सांगितले तेच करीत असते.

पण इथे माझी खरी तक्रार सुरू होते. एवढी चर्चा बाळाच्या तोंडात काय जाते याची झाली. आईच्या तोंडात काय जाते हे कोण विचारते? दूध तयार व्हायला रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त लागतात. एचआयव्ही असलेल्या शरीराला, लक्षणे नसली तरी, दहा टक्के अधिक अन्न लागते. आई अर्धपोटी असली तरी दूध बहुधा येतच राहते; ते तिच्या अंगातून ओढले जाते. आपल्याकडे सून शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते जेवते, हे मी निराळे सांगायला नको.

अंगणवाडीतून स्तनदा मातेला पोषण आहार मिळतो. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो प्रसूतीनंतर सहाच महिन्यांपर्यंत दिला आहे. वर्षभर पाजा असे एक शासकीय खाते सांगते आणि दुसरे अर्ध्या वाटेवर शिधा थांबवते! संजय गांधी निराधार अनुदान योजनेत या रुग्णांचा समावेश आहे, हे खरे. पण त्यासाठी आजाराचा दाखला जोडून अर्ज करायचा, म्हणजे गावातल्या चार टेबलांवर आपले गुपित ठेवायचे. कितीजणी ते करतील? २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला, पण अर्जाच्या रांगेत उभे राहिले की लोक तर्क करतातच.

म्हणून माझे मत असे, की "एचआयव्हीग्रस्त मातांसाठी विशेष आहार" असला फलक लावूच नये. प्रत्येक स्तनदा मातेला वर्षभर आहार द्यावा. आजार विचारू नये, दाखला मागू नये. आणि शक्य तिथे तो तिला अंगणवाडीतच बसवून खाऊ घालावा. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरम जेवण देण्याची पद्धत सुरू झालीच आहे. घरी आलेली पाकिटे सगळ्यांच्या ताटांत वाटली जातात. खर्च वाढेल, असे अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणतील. वाढेलच. जन्मभराची औषधे फुकट देणाऱ्या सरकारला त्या औषधांबरोबरची भाकरी परवडत नाही, हे मात्र त्यांनी मला पटवून द्यावे.

वहिनीची मुलगी आता आठ महिन्यांची आहे. वहिनीला कसलाही आजार नाही. शिधा सातव्या महिन्यातच बंद झाला, आणि ती अजून पाजते. येत्या १ डिसेंबरच्या भित्तिपत्रक स्पर्धेत मी लाल फीत काढणार नाही, एक ताट काढणार आहे. चित्रकला माझी बेताचीच, तेव्हा ताटात काय आहे ते बाजूला लिहावे लागेल.