पिल्लाच्या रंगाला जादा पैसे, मग लेबल कुठंय?



आज पिकाचं नाही, राखणीच्या जनावराचं बोलायचंय. रानात वाफसा नाही, हात मोकळे आहेत तोवर लिहून घेतो.

बियाण्याच्या पिशवीवर लेबल नसलं तर आपण पिशवीला हात लावत नाही. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के, लॉट नंबर, तपासणीची तारीख, सगळं छापलेलं लागतं. तरी घरी आणून गोणपाटात शंभर दाणे टाकून बघतोच. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, गाय घेताना चारही सड पिळून बघतो. आणि हाच माणूस कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं म्हटलं की मोबाईलवर फोटो बघतो, "रेअर कलर आहे" एवढं ऐकतो आणि दुप्पट पैसे मोजून मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की रंगाचे जादा पैसे घेणाऱ्यानं तो रंग कुठून आला आणि त्याच्यासोबत काय काय येतं, ते कागदावर लिहून द्यावं. देत नसेल तर त्याचं पिल्लू घेऊ नये.

सगळ्यात जास्त फसवणूक मर्ल रंगात चालते. मर्ल म्हणजे अंगावर फिकट राखाडी आणि काळे फाटके ठिपके, कधी एक डोळा निळा. दिसायला देखणं, त्यात वाद नाही. पण हा रंग देणारा जीन अंगातला रंग जागोजाग पुसून टाकतो. एका बाजूनं आला तर बहुतेक कुत्री ठणठणीत राहतात. नर मर्ल आणि मादीपण मर्ल, असं मेटिंग केलं तर मात्र चारातल्या एका पिल्लाला तो दोन्हीकडून येतो. कृषी अधिकारी मंडळींना मेंडेल मी सांगायला नको. असं डबल मर्ल पिल्लू बरंचसं पांढरं दिसतं, काहींचे डोळे बारीक राहतात, काही आंधळी, काही बहिरी. रंगाच्या पेशी कातडीतच असतात असं आपल्याला वाटतं, पण कानाच्या आतल्या भागालाही त्या लागतात. तिथं त्या नसल्या की ऐकू येणं बंद. अमेरिकेत २००९ साली छापलेल्या एका तपासणीत डबल मर्ल कुत्र्यांपैकी १५ टक्के दोन्ही कानांनी आणि १० टक्के एका कानानं बहिरी निघाली. इंग्लंडचा केनेल क्लब मर्लवर मर्ल लावून झालेल्या पिल्लांची नोंदच करत नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवर असंच एक पांढरं ग्रेट डेन आणलं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं, "लाखात एक निघतं असं." हाक मारली तर वळायचं नाही, तर लोक म्हणायचे बेरकी आहे, मुद्दाम करतंय. ट्रॅक्टर मागं घेताना चाकाखाली आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की याला कधीच ऐकू येत नव्हतं. उसाच्या कडेला बिबट्या आला तर त्यानं भुंकावं म्हणून आणलं होतं ते.

विकणाऱ्याचं खोटं पकडायची एक खूण आहे. मर्ल रंग पिढ्यान्‌पिढ्या लपून बसून अचानक उगवत नाही. पिल्लू मर्ल असेल तर आईबापातल्या एकात तरी तो असणारच. फिकट पिवळ्या कुत्र्यात तो डोळ्यांना दिसत नाही, ही एक पळवाट आहे, पण मग आईबाप दाखवा ना! आणि लॅब्रेडॉरमध्ये काळा, पिवळा, चॉकलेटी हे तीनच रंग. तरी "पेपरवालं प्युअर मर्ल लॅब" विकणारे आहेत. त्यात दुसऱ्या जातीचं रक्त आहे एवढाच त्याचा अर्थ. भेसळीला आमची हरकत नाही, गावठी कुत्र्यासारखं काटक जनावर नाही. पण भेसळ प्युअरच्या भावात कशाला?

डॉबरमनच्या निळ्या रंगाची गोष्ट वेगळी. तो रंग काळ्या आईबापाच्या पोटीही निघतो, कारण तो दबून राहतो आणि दोन्हीकडून आला तरच दिसतो. पिल्लू जन्मतः छान असतं. सहा महिन्यांपासून ते तीन वर्षांपर्यंत कधीतरी पाठीवरचे केस विरळ व्हायला लागतात, कातडीला फोड येतात, आणि गेलेले केस काही परत येत नाहीत. औषधानं फोड बरे होतात, मूळ दुखणं तसंच राहतं. केसर म्हणून कलम लावावं आणि पाच वर्षांनी फळ बघून कळावं, तसला प्रकार. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो.

पांढऱ्या डॉबरमनकडं तर फिरकूही नका. अंगात रंग नाही, उन्हात डोळे मिटून घेतं, कातडीच्या गाठी जास्त होतात. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला ते काय राखण करणार?

आता कुणी म्हणेल, हे सगळं विलायती कुत्र्यांचं. तमिळनाडूचं राजपालयम अस्सल देशी आहे, २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलंय. दुधासारखं पांढरं आणि गुलाबी नाकाचं तेच खरं, हा हट्ट धरून लोकांनी पूर्वी वेतातली रंगीत पिल्लं मारून टाकली. आज त्या जातीत बहिरेपणा आहे. आपल्या देवणीत वानेरा, बाळंक्या, शेवरा तिन्ही चालतात, कुणी एकाच रंगाचा हट्ट धरला नाही.

प्रत्येक वेगळा रंग रोगटच असतो असंही नाही. वायमरानर ही आख्खी जातच त्या फिकट रंगाची आहे आणि त्यांची केसगळती क्वचितच होते. म्हणून मी रंगावर बंदी मागत नाही. पण इंग्लंडमधल्या लॅब्रेडॉरच्या दवाखान्यातल्या नोंदी सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी तपासल्या, त्यात चॉकलेटी कुत्र्यांचं आयुष्य १०.७ वर्षं आणि बाकी रंगांचं १२.१ निघालं. कानाची आणि कातडीची दुखणीही चॉकलेटीत जास्त. हे घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे की नको?

केनेल क्लबचा पेपर बघून निर्धास्त होऊ नका. त्यात वंशावळ असते, कान चालतो का ते नसतं. २०१७ च्या नियमांनी पिल्लं विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारली की निम्मे लोक फोन ठेवतील, तेवढंच आपलं काम सोपं.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आईबाप समोर उभे करायला सांगा, नसतील तर दोघांचे रंग लिहून घ्या. पिल्लू झोपलेलं असताना मागून स्टीलची ताटली वाजवा. पाय आपटू नका, जमिनीची धडधड बहिऱ्यालाही कळते. एका कानाचा बहिरेपणा ताटलीनं समजत नाही, त्याला बेअर नावाची मशीनची तपासणी आहे, पाच-सहा आठवड्यांच्या पुढं करता येते. महाग रंग विकणाऱ्यानं ती स्वतः करून रिपोर्ट द्यावा.

कुणाकडं असा लेखी कागद देणारा प्रामाणिक ब्रीडर असेल तर त्याचं गाव खाली टाका. माझ्या पुतण्याला दिवाळीनंतर पिल्लू घ्यायचंय.