माजी सैनिक, कोठडी आणि स्वतंत्रपूरचा दाखला

माजी सैनिक एखाद्या गुन्ह्यात आरोपी किंवा शिक्षाबंदी झाला, तरी त्याच्या आत्महत्येच्या धोक्याचा वेगळा विचार करण्याचे कारण नाही, असा पूर्वपक्ष मांडला जातो. शिस्तीत मुरलेला जवान मनाने कणखर असतो, बराकीत पंधरा-सतरा वर्षे काढलेल्याला तुरुंग जड जात नाही आणि कायदा सर्वांना सारखा असल्याने फौजेच्या नावावर सवलत मागणे गैर आहे, अशी त्यामागची कारणे असतात.

यांतील बराकीचा दाखला सर्वांत फसवा आहे. हजेरी, रांग आणि घंटा दोन्हीकडे असतात, परंतु बराकीत माणूस पलटणीचा असतो, तर कोठडीत तो कोणाचाच नसतो. माणदेशातील आटपाडीसारख्या दुष्काळी भागात फौज आणि गलाई, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा, हे गावाबाहेर पडून नाव कमावण्याचे मार्ग ठरले. तेथे वर्षानुवर्षे ‘फौजी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला बेडी पडते तेव्हा त्याची ती ओळखच हिरावली जाते. कणखरपणाचा युक्तिवाद तर उलट दिशेने जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, आपण कोणाचेच नाही आणि घरच्यांना ओझे आहोत, या भावनांतून मरणाची इच्छा उपजते, तर वेदनेच्या व मृत्यूच्या सततच्या सहवासाने त्या इच्छेला आवर घालणारी भीती बोथट होते. भीती अशी बोथट होण्याला ते ‘कमावलेली क्षमता’ म्हणतात. रणांगणावर उपयोगी पडणारा गुणच येथे धोका वाढवू शकतो.

माजी सैनिकांच्या अशा आत्महत्या तुरुंगांत दिसत नाहीत, असाही आक्षेप घेतला जातो; त्याचे उत्तर नोंदवहीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरच्या तुरुंगांतील १५९ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ११९ आत्महत्या आहेत, पण त्यांत माजी सैनिक किती, हे सांगणारा रकानाच नाही. जे मोजलेच नाही ते घडत नाही, असे म्हणता येत नाही.

समतेच्या आक्षेपाबाबत एवढे पुरे की, येथे मागणी शिक्षा कमी करण्याची नसून जीव राखण्याची आहे, आणि ताब्यातील माणसाचा जीव राखणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. कायदाही येथे काळजीच्याच बाजूने आहे: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता, असे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते.

मंडनासाठी दूर जावे लागत नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीत, जिच्या प्रेरणेतून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट निघाला, बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचा हा प्रयोग, बंद्याचे नाते, काम आणि विश्वास तोडू नये, या तत्त्वावर उभा राहिला. जॉइनर ज्या दोन भावनांना घातक मानतात, त्या दोन्हींवरचा हा इलाज आहे. मात्र ही वसाहत चांगल्या वर्तणुकीच्या, शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी आहे; धोका मोठा असतो तो अटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत. त्या वेळी १४४१६ या क्रमांकावरील टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचाही उपयोग नाही, कारण आरोपीचा फोन आधीच जमा झालेला असतो. म्हणून ‘फौजेत होता का?’ हा प्रश्न दाखल करून घेतानाच विचारावा, उत्तर होकारार्थी आल्यास त्याच्या संमतीने घरच्यांना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे आणि पहिल्या रात्री त्याला एकट्याला ठेवू नये.