शिक्षणात खंड पडला, हा गुन्हा आहे काय?

जून उजाडला की महाविद्यालयांच्या खिडक्यांपुढे रांगा लागतात. अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या त्या रांगेत एखादी पस्तीस-चाळिशीची बाईही उभी असते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पिवळी पडलेली बारावीची गुणपत्रिका. खिडकीतला बाबू विचारतो, 'मुलीची अ‍ॅडमिशन का?' अ‍ॅडमिशन तिची स्वतःचीच आहे हे कळल्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयार असतो, 'गॅप सर्टिफिकेट आणलंय?'

गॅप सर्टिफिकेट म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिक्षण अखंड चालत आले त्यांना ठाऊक नसते. मधली वर्षे आपण कुठे होतो, दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाव घातले नव्हते ना, याचे प्रतिज्ञापत्र. त्यासाठी स्टँप व्हेंडर, नोटरी आणि एक दिवसाची बुडालेली मजुरी. पंधरा वर्षांत आमच्या या भगिनीने धुणीभांडी केली, सासऱ्याचे आजारपण काढले, नवऱ्याचे व्यसन सोसले, दोन पोरे दहावीच्या पुढे नेली. प्रतिज्ञापत्रात त्या साऱ्याचे एकच वाक्य होते : 'घरगुती अडचणीमुळे शिक्षण घेता आले नाही.' जणू अडचण तिच्या घराची होती, व्यवस्थेचा तिच्याशी काही संबंधच नव्हता!

शिक्षणात खंड कोणाच्या पडतो, हे आम्ही वाचकांना सांगण्याची गरज नाही. महापालिकेच्या सफाई खात्यात बाप मेला किंवा निवृत्त झाला की लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसाला नोकरी मिळते. घर चालवायचे म्हणून एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून झाडू हाती घेतो. नोकरी सोडणे त्याला परवडत नाही, पण पदवी मिळाली तर झाडू सुटण्याची आशा असते. म्हणून पस्तिशीला तो पुन्हा पुस्तक उघडतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातल्या, वयात येताच लग्न लावून दिलेल्या मुलींचीही हीच गत. ही माणसे शिक्षण सोडून गेलेली नाहीत, त्यांना शिक्षणातून बाहेर काढले गेले आहे. ती परत येतात तेव्हा विद्यापीठाने दार उघडे ठेवायचे की त्यांच्याकडे खुलासा मागायचा?

बाबासाहेबांचे उदाहरण आम्ही उठल्याबसल्या देतो, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगत नाही. बाबासाहेब स्वतः शिक्षणात खंड पडलेले विद्यार्थी होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी केली तर राहायला जागा मिळेना. पुढे नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगारातून पै-पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, आणि १९२० साली एकोणतिसाव्या वर्षी, घरी पत्नी आणि मुलगा ठेवून, ते पुन्हा लंडनला गेले. एम.एस्सी. १९२१ ला, बॅरिस्टरी १९२२ ला, डी.एस्सी. १९२३ ला. हे शक्य झाले त्यामागे त्यांची जिद्द होतीच. पण आणखी एक साधी गोष्ट होती : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना जाताना देऊन ठेवली होती. त्या परवानगीची किंमत बाबासाहेबांना कळली होती. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले गेले, ते नोकरी करून शिकणाऱ्यांना यावे म्हणून. आज ज्याला 'विद्यार्थी साहाय्य सेवा' असे जड नाव दिले जाते, ती हीच.

आता उलटा प्रवास पाहा. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी लॉ कॉलेज, या वाटेने आमचे कितीतरी वकील घडले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी वर्गांची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात या चौकटीत बसवली. सहाला कचेरीतून सुटणाऱ्याने वर्गाला कधी पोहोचायचे? त्याच नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस वर्षांची वयोमर्यादा घातली गेली, आम्हाला पाच वर्षांची सूट देऊन. ती अट २०१३ साली मागे घेतली, २०१६ साली पुन्हा आणली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. कायदा शिकायला वय आडवे येते, असे ज्यांना वाटले त्यांना आमच्या वस्त्यांत कायदा कोणाला लागतो याची कल्पना नसावी.

शिष्यवृत्तीचे गणितही तरुणांनाच धरून मांडलेले. सामाजिक न्याय विभागाच्या परदेश शिष्यवृत्तीला वयाची अट आहे, जेआरएफलाही आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख झाली आणि त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली तरी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ती तिथेच राहिली. कायम सफाई कामगार पगारामुळे मर्यादेबाहेर जातो. कंत्राटी कामगार मर्यादेत बसतो, पण उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलच्या फेऱ्या मारायला त्याला रजा कोण देणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने हे सगळे सुटेल, असे सांगितले जाते. एक वर्षाने बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी पडा, पदविका घ्या. क्रेडिट बँकेत जमा राहतील. पण यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात परतीचे दार तीन वर्षांतच आहे आणि पदवी सात वर्षांत संपवायची आहे. पोर पहिलीत जायच्या आत आईने परत यावे, असा हा हिशेब. शिवाय बाहेर पडण्याचे दार कोण वापरणार आणि परतीचे कोण, याचे उत्तर आमचे वाचक डोळे मिटून देतील.

राहता राहिले मुक्त विद्यापीठ. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, आणि त्याचे ऋण आम्ही मान्य करतो. पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेने किती कामगार आणि गृहिणी पदवीपर्यंत गेल्या! रविवारची संपर्कसत्रे आणि समंत्रक ही व्यवस्था अशाच माणसांसाठी आहे. पण म्हणून इतर विद्यापीठांनी हात झटकावेत काय? 'तुम्ही मुक्तमधून करा की' असे सांगून खिडकी बंद करणे हे वेगळ्या पाणवठ्याकडे बोट दाखवण्यासारखे आहे. विज्ञान शिकायचे, प्रयोगशाळेत उभे राहायचे, तर त्या भगिनीने कुठे जावे? तिला हवे ते फार मोठे नाही. संध्याकाळी सातपर्यंत उघडी राहणारी कचेरी. आवारात पाळणाघर. पहिल्या सत्रात इंग्रजीची आणि संगणकाची जादा शिकवणी, मुलांसमोर चुकण्याची लाज न वाटता. आणि 'या वयात कशाला?' असे न विचारणारा एक समुपदेशक.

हे मागताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आमच्या विहारांतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेल्या आहेत, ते चांगलेच आहे. पण रात्री नऊनंतर भांडी आवरून एखादी बाई पुस्तक घेऊन आली, तर तिला बसायला खुर्ची आहे काय? ती शिकायला निघाली की सर्वांत आधी हसते कोण? खिडकीतला बाबू नंतर; आधी हसतो तो घरातला नवरा आणि वस्तीतला कार्यकर्ता. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे भाडे निघते, नोटरीचे पैसे निघत नाहीत.

यंदाचे प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक विहारात एक टेबल मांडता येईल. गॅप सर्टिफिकेटचा मसुदा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, महाडीबीटीचा फॉर्म भरून देणारा एक मुलगा आणि प्रतिज्ञापत्र फुकट करून देणारा आपलाच एक वकील. आणि प्रतिज्ञापत्रात 'घरगुती अडचणीमुळे' लिहायचे की खरे कारण, हे त्या बाईलाच ठरवू द्यावे.