आधी अडथळा शोधा, मग उपचार निवडा

नाक सतत चोंदणाऱ्या रुग्णांना आता शस्त्रक्रियेऐवजी छोटी प्रक्रिया सुचवली जाते: तेवढ्या जागेपुरती भूल, रेडिओफ्रिक्वेन्सीची मोजकी उष्णता आणि त्याच दिवशी घरी. ही सोय स्वागतार्हच आहे. पण प्रक्रिया किती छोटी, यापेक्षा अडथळा नेमका कुठे, हे आधी ठरायला हवं. मधला पडदा वाकडा असेल तर तो उष्णतेनं सरळ होत नाही. बाजूच्या भिंतीवरचे टर्बिनेट सुजले असतील तर ते आकसतात, मात्र मूळची ॲलर्जी तशीच राहते. नाकपुडीच्या किंचित आत, वाट सर्वांत अरुंद असते तिथली भिंत श्वास घेताना आत ओढली जात असेल, तर हा उपचार खरोखर कामाचा. आणि नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्महिने घातल्यानंच ते चोंदू लागलं असेल, तर आधी थेंब सोडवायला हवेत.

याच अरुंद जागेवरच्या उपचाराची 117 रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. 77 जणांना खरी उष्णता दिली, 40 जणांच्या नाकात उपकरण नुसतंच टेकवलं. तीन महिन्यांनी खऱ्या उपचारानं 88 टक्के रुग्णांना ठरलेल्या निकषाइतका आराम पडला. लटक्या उपचारानं 40 पैकी 17 जणांना. म्हणजे उपचारात दम आहे, पण ‘मला बरं वाटलं’ एवढ्यावर त्याची पारख होत नाही. बरं वाटलं ना, मग कारण कशाला शोधायचं, असं कुणी विचारेल. मेन्थॉल हुंगल्यावरही नाक मोकळं वाटतं, वाट मात्र होती तेवढीच राहते. अशा आरामासाठी मोठी रक्कम मोजावी का, हे रुग्णाला ठरवता आलं पाहिजे.

शस्त्रक्रियेचा पुरावा तरी निर्दोष आहे का? नाही. पडदा वाकडा असलेल्या 378 जणांवरच्या ब्रिटिश चाचणीत (2023) सहा महिन्यांनी त्रासाचा सरासरी गुणांक शस्त्रक्रियेच्या गटात 19.9, तर औषधी फवाऱ्यांच्या गटात 39.5 होता. इथे लटकी शस्त्रक्रिया नव्हती; कुणावर काय उपचार झाले हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ही उणीव मोठी आहे. तरीही वीस गुणांचा फरक मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. म्हणून तारीख घेण्याआधी दुर्बिणीत दिसलेला अडथळा डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि तो वाकड्या पडद्याचाच असेल तर केवळ सोपी म्हणून छोटी प्रक्रिया स्वीकारू नका.