तळ्याकाठचे शहर आणि शेजाऱ्याची घागर



ज्या गावास किनारा लाभला, त्याचे सारे जीवन पाण्याभोवती गुंफलेले असते, हे आपणां किनारपट्टीच्या लोकांस सांगावयास नको. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेले भोपाळही एक प्रकारे किनाऱ्याचेच शहर आहे. तेथील मोठा तलाव ३० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा आहे. अकराव्या शतकात भोज राजाने कोलांस नदीस मातीचा बांध घालून तो निर्माण केला, असे परंपरा सांगते. त्याच्या शेजारचा छोटा तलाव १७९४ सालचा.

ह्या पाण्यावर शहराचा संसार चालतो. कोणी जाळे टाकतो, कोणी शिंगाड्याचे पीक घेतो. सायंकाळी मुलाबाळांसह कुटुंबे काठावर येऊन बसतात. शहराच्या मोठ्या भागास पिण्याचे पाणी आजही येथूनच मिळते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांच्या घागरी एकाच तळ्यावर भरतात. म्हणून त्याची राखणही सर्वांनी मिळूनच करावी लागते. १९९५ साली जपानच्या कर्जसाहाय्याने तलाव-रक्षणाची मोठी योजना सुरू झाली. गाळ उपसला गेला, सांडपाणी वळविण्याची कामे झाली, मूर्तिविसर्जनासाठी प्रेमपुरा येथे वेगळा घाट बांधण्यात आला. २००२ साली ह्या दोन्ही तळ्यांचा समावेश जागतिक महत्त्वाच्या रामसर पाणथळींत झाला.

तथापि ह्याच शहराची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. १९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे प्राणास मुकली. ती रात्र जगास ठाऊक आहे. परंतु त्या कारखान्याचा रासायनिक कचरा जमिनीत मुरून भोवतालच्या गरीब वस्त्यांचे भूजल नासले, हे तितकेसे ठाऊक नाही. जवळच एवढा तलाव असता ह्या वस्त्यांतील माणसे वर्षानुवर्षे हातपंपाचे दूषित पाणी पीत राहिली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला. तरीही २००६ साली गॅसपीडितांस भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी जावे लागले, आणि शुद्ध पाणी ही तेव्हाही त्यांची एक मागणी होती. आवारात साठविलेला ३३७ टन कचरा हलविण्यास २०२५ साल उजाडले. जमिनीत मुरलेल्या विषाचा प्रश्न अद्याप उरलाच आहे.

शहराचे मोठेपण तळ्याच्या विस्तारावरून ठरत नाही. त्याच्या काठी राहणाऱ्या सर्वांत गरीब घरची घागर कशाने भरते, ह्यावरून ते ठरते. पाणी जमिनीखाली एकमेकांस मिळालेले असते. कुंपण वरचेवरच असते. एकाने ओतलेले विष दुसऱ्याच्या विहिरीत उगवते.

वाचकहो, आपल्या वाडवडिलांनी वाडीवाडीत बावखले खोदली व विहिरींवर रहाट बसविले. त्यांतील कित्येक बावखले आज भरावाखाली गेली. कित्येकांच्या काठी केरकचरा साठतो. जे उरले आहे, त्याचा गाळ ह्या उन्हाळ्यात आळीतील सर्व घरांनी मिळून उपसावा. आणि आपल्या मोरीचे पाणी कोणाच्या विहिरीकडे जाते, हे प्रत्येक घराने एकदा स्वतः जाऊन पाहावे. शेजारधर्माचा आरंभ तेथूनच होतो.