माहेरची साडी आणि सातबारा

सिनेनटांचा चाहता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. नायकासारखी केसांची ठेवण, खोलीभर चिकटवलेली छायाचित्रे, पहिल्या दिवशी पहिल्या खेळासाठी केलेली धक्काबुक्की. घनसावंगीच्या शिवारात कापूस वेचणारी बाई या चित्रात कधीच नसते. तिच्या भिंतीवर देवाची तसबीर आणि दिनदर्शिका, एवढेच. पण अलका कुबल हे नाव निघाले की तिचे हात क्षणभर थांबतात आणि ती बोलू लागते, ते घरच्या लेकीविषयी बोलावे तसे.

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' १९९१ साली आला. एका राजस्थानी चित्रपटावरून तो बेतलेला होता. छळ सोसणारी सून अलका कुबल, खाष्ट सासू उषा नाडकर्णी, तर भाऊ अजिंक्य देव. खेड्यापाड्यांतल्या बाया बैलगाड्या, टेम्पो करून चित्रपटगृहापर्यंत पोहोचल्या. शहाण्यासुरत्यांनी मात्र नाके मुरडली. 'रडका सिनेमा' ही थट्टा आजही संपलेली नाही. टीव्हीवर तो लागला की नातवंडेच विचारतात, "आजी, रुमाल आणू का?"

ही थट्टा मला अन्यायाची वाटते. सासुरवाशिणीला रडायला जागा कुठे होती? सासरी रडावे तर 'काय कमी केलं तुला?' माहेरी रडावे तर आईच्या जिवाला घोर. चुलीचा धूर डोळ्यांत गेला एवढाच काय तो बहाणा. अशा बाईला चित्रपटगृहाच्या अंधारात तीन तास मिळाले. तिथे दुसरीच्या निमित्ताने तिला स्वतःसाठी रडता आले, आणि शेजारची अनोळखी बाईही तेच करत होती. पडद्यावरचे खोटे असते हे तिला ठाऊक होते. सोसणे मात्र तिच्या ओळखीचे होते. म्हणून ती त्या अभिनेत्रीला विसरली नाही.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. 'सावधान' शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, ही कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. मुलीला तो शब्द ऐकून निघून जाण्याची सोय कधीच नव्हती. तिला सासरी जायचे होते, आणि माहेराशी नाते राखायचे होते ते एका साडीच्या धाग्याने.

इथेच एक प्रश्न मनात येतो. साडीचोळीवर बोळवण हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण २२ जून १९९४ पूर्वी जिचे लग्न झाले, तिला त्यातून वगळले. म्हणजे १९९१ साली जी सासुरवाशीण पडद्यासमोर रडली, नेमकी तीच बाहेर राहिली! देशभरासाठी २००५ साली झालेल्या दुरुस्तीने विवाहित मुलीही त्यात आल्या. त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कागदावर एवढे झाले. गावात काय होते? वडील गेले की दिवसकार्य आटोपते आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. भाऊ वाईट नसतो. भाऊबीजेला तो साडी आणतो, आजारपणात धावून येतो. बहीण सही करते, कारण जमिनीपेक्षा तिला माहेरचे दार मोलाचे वाटते. 'हिस्सा मागितला तर दिवाळीला कोण बोलावील?' हा तिचा धाक खोटा नाही. ज्या साडीसाठी ती अंधारात रडली, तीच साडी आपण तिच्याकडून जमिनीच्या किमतीला घेववतो.

कोणी म्हणेल, चार एकरांत बहिणीचे नाव घातले तर भावाने खायचे काय? प्रश्न खरा आहे. पण दोन भावांत तेच चार एकर वाटताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि बहिणीने मनापासून हक्क सोडायचा असेल तर तोही तिचाच अधिकार. आधी तिला विचारा, कागद वाचून दाखवा, चार दिवस विचार करू द्या. 'नाही' म्हणाली तरी पुढच्या दिवाळीला न्यायला जाईन, हा शब्द भावाने आधी द्यावा.

आज अलका कुबलच्या त्या चाहत्या आज्या झाल्या आहेत. त्यांच्या रडण्याला हसणे सोपे आहे. त्यांच्या लेकींच्या आणि नातींच्या वाट्याला तसे रडणे येऊ नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे. त्यासाठी सिनेमा नव्हे, तलाठ्याचे दप्तर उघडावे लागेल. माहेरची साडी हवीच. पण सातबारावर तिचे नावही राहिले, तर ती साडी नेसताना तिच्या मनात धाक उरणार नाही.