विश्लेषण : नवरा-बायको, दोन बँजो आणि एक कडक अट… अमेरिकी लोकसंगीतातला हा प्रयोग काय सांगतो?

‘बँजो’ म्हटलं की आपल्याकडे गणपतीची मिरवणूक डोळ्यांसमोर येते. पण मिरवणुकीतला तो बँजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग. अमेरिकी बँजो वेगळा. गोल कडीवर ताणलेलं कातडं आणि त्यावर तारा. तुणतुण्यात जसा तारेचा आवाज कातड्यामुळे घुमतो, तसंच काहीसं. फक्त हे वाद्य आणि गायन घेऊन बेला फ्लेक आणि अ‍ॅबिगेल वॉशबर्न या दाम्पत्याने २०१४ मध्ये पहिला एकत्र अल्बम काढला. २०१६ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट लोकसंगीत अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

कोण आहेत हे दोघं?

फ्लेक मूळचे न्यूयॉर्कचे. जॅझपासून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतापर्यंत त्यांनी बँजो नेला. वॉशबर्न यांचा बेत चीनमध्ये वकिली करण्याचा होता. त्या चिनी भाषा शिकल्या, पुढे बँजोकडे वळल्या आणि चिनी भाषेतही गाऊ लागल्या. दोघांचं लग्न २००९ मध्ये झालं.

वाद्य एकच, मग जुगलबंदी कशी?

वाजवण्याची पद्धत वेगळी आहे. फ्लेक अंगठा आणि दोन बोटांनी तारा छेडतात. त्यातून वेगवान, मोत्यांच्या सरीसारखे स्वर येतात. वॉशबर्न यांची पद्धत जुनी, ‘क्लॉहॅमर’. यात नखाने तारेवर वरून खाली आघात होतो आणि अंगठा ठेका धरतो. म्हणजे एकाकडे नक्षी, दुसरीकडे लय. शिवाय खर्जातला चेलो बँजो आणि चिमुकला युकुलेले बँजोही ते वापरतात.

‘फक्त दोघंच’ ही अट कशासाठी?

२०१७ च्या ‘एको इन द व्हॅली’ या अल्बमसाठी त्यांनी स्वतःवर बंधन घातलं. प्रत्येक आवाज दोघांचाच हवा आणि प्रत्येक गाणं मंचावर जसंच्या तसं वाजवता यायला हवं. आज एकटा माणूस लॅपटॉपवर अख्खा वाद्यवृंद उभा करू शकतो. अशा काळात त्यांनी उलटी वाट धरली. इथे प्रयोग म्हणजे नवं काही जोडत जाणं नाही, तर हातात कमी ठेवून त्यातून जास्त काढणं.

संसाराचा काय संबंध?

थेट संबंध आहे. २०१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. दोघांचे दौरे वेगवेगळे राहिले असते तर घरात सतत कुणीतरी एक नसता. म्हणून दोघांनी एकत्र कार्यक्रम सुरू केले आणि मुलालाही दौऱ्यावर सोबत नेलं. अशा जोड्यांत एक धोका असतो : नवरा नावाजलेला असेल, तर बायको ‘साथीला’ आहे असं मानलं जातं. इथे गाण्याची मुख्य बाजू वॉशबर्न सांभाळतात आणि अल्बमला दोघांचंही नाव आहे. २०२० मध्ये त्यांनी चिनी गुझेंगवादक वू फेई यांच्यासोबत स्वतंत्र अल्बमही केला.

मग वादाचा मुद्दा कुठे?

हे लोकसंगीत नेमकं कुणाचं, हा खरा प्रश्न. बँजोचं मूळ गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांकडे जातं. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या कलाकारांनी चेहऱ्याला काळं फासून, कृष्णवर्णीयांची टिंगल करत तो लोकप्रिय केला. पुढे बँजो म्हणजे डोंगराळ भागातल्या गोऱ्यांचं वाद्य, अशीच ओळख रुजली. फ्लेक यांनी युगांडा, टांझानिया, गाम्बिया आणि मालीला जाऊन तिथल्या वादकांसोबत संगीत केलं. २००८ च्या ‘थ्रो डाउन युवर हार्ट’ या माहितीपटात तो प्रवास आहे. एका माहितीपटाने जुना अन्याय मिटत नाही, पण मूळ कुठलं हे मान्य करणं ही पहिली पायरी ठरते.

भारताशी नातं काय?

झाकीर हुसेन, एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबत फ्लेक यांनी २०२३ मध्ये ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा अल्बम केला. २०२४ मध्ये या चौघांना दोन ग्रॅमी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले.

लोककला टिकवायची म्हणजे ती काचेच्या कपाटात ठेवायची, असा आपल्याकडेही एक समज आहे. हे जोडपं दुसरा मार्ग दाखवतं : मूळ विसरू नका, पण वाद्याला रोजच्या जगण्यात राहू द्या. अगदी मूल सांभाळता सांभाळताही.